‘सौम्य’ दम्याविषयी एक आवश्यक दुरुस्ती

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या आरोग्य पुरवणीत नुकताच दम्यावर एक लेख प्रसिद्ध झाला. लेख चांगल्या हेतूने लिहिलेला होता आणि त्यातली बरीचशी माहिती बरोबरही होती. परंतु शेवटी चौकटीत दिलेल्या एका वाक्यापाशी मी थबकलो. ज्यांचा दमा सौम्य आहे त्यांनी धाप लागेल तेव्हाच श्वासनलिका मोकळी करणारा पंप घ्यावा, एरवी औषधाची गरज नाही, अशा आशयाचे ते वाक्य होते. छातीच्या विकारांचा डॉक्टर म्हणून मी तीसहून अधिक वर्षे रुग्ण तपासले आणि त्यातली बहुतेक वर्षे मी स्वतः हेच सांगत आलो, हे आधीच कबूल करतो. पुस्तकांत तसे लिहिलेले होते, आम्हांला तसेच शिकवले गेले होते आणि रुग्णांनाही ते पटकन पटत असे. मात्र दम्याच्या उपचारांविषयी जगभर प्रमाण मानल्या जाणाऱ्या मार्गदर्शक सूचनांमधून हा सल्ला २०१९ साली काढून टाकण्यात आला आहे. तो का काढला गेला आणि त्याच्या जागी काय आले, हे वाचकांपर्यंत पोहोचावे एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे. ते थोडे लांबणार आहे, त्याबद्दल क्षमस्व.

दम्याच्या झटक्यात श्वास कोंडतो तो श्वासनलिकांभोवतीचे स्नायू आवळले गेल्यामुळे, हे बहुतेकांना ऐकून माहीत असते. ते स्नायू इतक्या क्षुल्लक कारणाने का आवळले जातात, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारत नाही. धूळ, धूर, थंड हवा, जोराचे हसणे किंवा साधी सर्दी यांनी निरोगी माणसाच्या नलिका आवळत नाहीत. दमेकऱ्याच्या आवळतात, कारण त्यांच्या अस्तराला आतून सूज आलेली असते. ही सूज रक्तातल्या पांढऱ्या पेशींच्या, बहुसंख्य रुग्णांत विशेषतः इओसिनोफिल नावाच्या पेशींच्या, गर्दीमुळे येते. तिच्यामुळे अस्तर जाड होते, चिकट कफ जास्त तयार होतो आणि नलिका चिडखोर बनतात. महत्त्वाची गोष्ट अशी की ही सूज धाप लागलेली नसतानाही असू शकते. रुग्ण जिने चढतो, खेळतो, शांत झोपतो, आणि तरीही त्याच्या नलिकांमध्ये पुढच्या झटक्याची तयारी चालू असते.

आता पंपांकडे पाहू. सामान्यतः ‘पंप’ या एकाच शब्दाने ओळखल्या जाणाऱ्या औषधांमध्ये दोन अगदी वेगळी कामे करणारी औषधे असतात. साल्ब्युटामॉल हे आवळलेले स्नायू सैल करते. काही मिनिटांत श्वास मोकळा होतो आणि हा परिणाम चार ते सहा तास टिकतो. सुजेवर मात्र त्याचा काहीही उपयोग होत नाही. दुसरे औषध म्हणजे श्वासावाटे घ्यायचे स्टेरॉइड, उदाहरणार्थ बुडेसोनाइड किंवा बेक्लोमेथासोन. ते सूज उतरवते, पण त्याचा परिणाम जाणवायला दिवस आणि पूर्णपणे दिसायला आठवडे लागतात. जे लगेच जाणवते त्यावर माणसाचा विश्वास बसतो आणि जे हळूहळू काम करते ते कपाटात पडून राहते. त्यात रुग्णाचा दोष मी मानत नाही. कित्येक देशांत पहिला पंप निळ्या रंगाचा असतो (सर्वत्र नव्हे, त्यामुळे रंगावरून औषध ओळखण्याच्या भानगडीत कोणी पडू नये), आणि तो निळा पंप खिशात असला की निम्मा दमा बरा झाला असे म्हणणारे रुग्ण मी शेकड्यांनी पाहिले आहेत.

या गैरसमजाला इतिहासही जबाबदार आहे. दम्यावरचा उपचार फार काळ केवळ नलिका मोकळ्या करण्याचाच होता. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी धोतऱ्याच्या पानांचा धूर ओढण्याचा उपाय भारतातून युरोपात गेला आणि पुढे तिथे दमेकऱ्यांसाठी धोतऱ्याच्या सिगारेटी विकल्या जाऊ लागल्या. त्या विषारी होत्या हे खरे, पण त्यांच्यामागे एक खरे तत्त्वही होते, कारण धोतऱ्यातल्या ॲट्रोपीनसारख्या द्रव्यांनी नलिका थोड्या सैल होतात आणि आजची टायोट्रोपियमसारखी औषधे त्याच कुळातली आहेत. विसाव्या शतकात ॲड्रेनालिनची इंजेक्शने आली. हातात मावणारा, ठरावीक मात्रा सोडणारा पंप १९५६ साली बाजारात आला. त्यामागची हकीकत मोठी गोड आहे. जॉर्ज मेसन हे अमेरिकेतल्या रायकर या औषध कंपनीचे प्रमुख होते. काचेच्या फवारणीयंत्राला कंटाळलेल्या त्यांच्या तेरा वर्षांच्या दमेकरी मुलीने, केसांच्या फवाऱ्यासारखे माझे औषध डब्यात का भरता येत नाही, असे वडिलांना विचारले. पुढे इंग्लंडमध्ये डेव्हिड जॅक यांच्या चमूने १९६९ मध्ये साल्ब्युटामॉल आणि अवघ्या तीन वर्षांनी, १९७२ मध्ये, बेक्लोमेथासोनचा पंप आणला. म्हणजे स्नायू सैल करणारे आणि सूज उतरवणारे अशी दोन्ही औषधे एकाच प्रयोगशाळेतून जवळजवळ एकाच वेळी जगासमोर आली. पहिले घराघरांत पोहोचले. दुसऱ्याला आजही दारात थांबवले जाते.

सूज हाच रोगाचा गाभा आहे याचा पुरावा त्याच्याही आधी मिळाला होता. हॅरी मॉरो ब्राउन या ब्रिटिश डॉक्टरांनी दमेकऱ्यांची थुंकी स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली तपासली आणि १९५८ साली दाखवून दिले की, ज्यांच्या थुंकीत इओसिनोफिल सापडतात त्यांनाच स्टेरॉइडचा गुण येतो, इतरांना येत नाही. रुग्णाच्या सुजेचा प्रकार पाहून औषध निवडावे हा विचार आज नवा म्हणून मिरवला जातो. तो साठ वर्षांहून जुना आहे आणि मधल्या काळात आम्ही तो जवळजवळ विसरलो होतो.

केवळ स्नायू सैल करणाऱ्या औषधावर विसंबण्यातला धोका हा काही आजचा शोध नाही. १९६०च्या दशकात ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आदी देशांत दम्याने होणारे मृत्यू अचानक वाढले आणि त्यांचा संबंध आयसोप्रेनालिन या औषधाच्या जास्त तीव्रतेच्या पंपांशी जोडला गेला. न्यूझीलंडमध्ये १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात पुन्हा तसेच घडले; या वेळी संशय फेनोटेरॉलवर गेला आणि त्याच्या वापरावर बंधने आल्यावर मृत्यू घटले. साल्ब्युटामॉल त्यांच्या तुलनेत सौम्य आहे. तरीही ते रोज घेत राहिल्यास नलिकांवरचा त्याचा परिणाम कमी होत जातो आणि नलिका उलट अधिक चिडखोर होतात. त्याहून मोठा धोका असा की, ते घेतल्यावर मिळणाऱ्या आरामामुळे वाढत चाललेली सूज रुग्णाच्या लक्षातच येत नाही. धाप लागली, पंप घेतला, बरे वाटले. चार तासांनी पुन्हा तेच, मग दोन तासांनी, आणि मग एका रात्री पंपाचा काहीच उपयोग होत नाही.

ब्रिटनमध्ये फेब्रुवारी २०१२ ते जानेवारी २०१३ या काळात दम्याने झालेल्या १९५ मृत्यूंचा एकेक करून अभ्यास करण्यात आला आणि त्याचा अहवाल २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. मी तो पहिल्यांदा वाचला तेव्हा माझेच जुने रुग्ण एकामागून एक डोळ्यांसमोर आले. जलद आराम देणारे किती पंप लिहून दिले याची नोंद ज्यांच्याबाबत होती अशा १६५ जणांपैकी ३९ टक्के लोकांना मृत्यूआधीच्या एका वर्षात असे १२ हून अधिक पंप दिले गेले होते. कधी काय करायचे याची लेखी योजना १९५ पैकी फक्त ४४ जणांना मिळाली होती. आणि ज्यांच्या दम्याच्या तीव्रतेची नोंद उपलब्ध होती त्यांच्यापैकी निम्म्याहून अधिक जणांचा दमा डॉक्टरांच्या मते सौम्य किंवा मध्यम होता. ‘सौम्य’ हा शब्द मी या पत्राच्या शीर्षकात अवतरणचिन्हांत का घातला, ते यावरून कळावे. सौम्य दमा म्हणजे सौम्य झटका असे नसते. महिन्यातून दोनदाच खोकणाऱ्या माणसालाही विषाणूच्या सर्दीने किंवा दाट धुरामुळे जिवावर बेतणारा झटका येऊ शकतो.

याच्या उलट बाजूचा पुरावा कॅनडातल्या सास्काचेवान प्रांतातला आहे. तिथल्या तीस हजारांहून अधिक दमेकऱ्यांच्या नोंदी तपासून २००० साली असे दाखवले गेले की, श्वासावाटे घ्यायच्या स्टेरॉइडचा मागील वर्षात वापरलेला प्रत्येक जादा पंप हा दम्याने मृत्यू होण्याच्या प्रमाणात २१ टक्के घट दाखवतो. मात्राही मोठी लागत नाही. थोडे पण नियमित औषध पुरते.

मग अडचण कुठे होती? अडचण होती ‘नियमित’ या शब्दात. ज्याला आठवड्यातून एकदा खोकला येतो, त्याला रोज सकाळ-संध्याकाळ पंप घ्यायला सांगितले तर तो पहिला महिना घेतो, दुसऱ्या महिन्यात विसरतो आणि तिसऱ्या महिन्यात थांबवतो. आम्ही डॉक्टर दर भेटीत त्याला समजावत राहिलो आणि तो दर भेटीत मान डोलवत राहिला. या कोंडीतून मार्ग काढला तो एका साध्या कल्पनेने: रुग्ण धाप लागल्यावर पंप घेणारच असेल, तर त्याच पंपात सूज उतरवणारे औषधही का घालू नये?

बुडेसोनाइड आणि फॉर्मोटेरॉल एकत्र असलेल्या पंपाने हे शक्य झाले. फॉर्मोटेरॉल साल्ब्युटामॉलइतक्याच लवकर लागू पडते आणि त्याचा परिणाम सुमारे बारा तास टिकतो. सोबतचे बुडेसोनाइड प्रत्येक वेळी आपोआप सुजेपर्यंत पोहोचते. लक्षणे वाढली की रुग्ण पंप अधिक वेळा घेतो, म्हणजे सूज वाढते त्याच काळात स्टेरॉइडही अधिक जाते. लक्षणे उतरली की तेही आपोआप कमी होते. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘सिग्मा’ चाचण्यांपैकी पहिल्या चाचणीत सौम्य दमा असलेल्या सुमारे ३,८०० रुग्णांचा वर्षभर अभ्यास झाला. केवळ स्नायू सैल करणारा पंप गरजेनुसार घेणाऱ्यांच्या तुलनेत हा जोड-पंप गरजेनुसार घेणाऱ्यांमध्ये तीव्र झटक्यांचे प्रमाण ६४ टक्क्यांनी कमी आढळले. रोज बुडेसोनाइड घेणाऱ्यांच्या गटातही झटके जवळपास तितकेच कमी झाले, पण जोड-पंपवाल्यांच्या शरीरात गेलेले स्टेरॉइड त्यांच्या तुलनेत एक षष्ठांशाच्या आसपास होते. निष्पक्षपणे हेही सांगितले पाहिजे की, रोजच्या लक्षणांवरचे नियंत्रण नियमित औषध घेणाऱ्यांमध्ये किंचित अधिक चांगले होते. परंतु चाचणीत नियमित औषध घेण्याची आठवण करून देणारी यंत्रणा असते, ती घरी नसते.

जागतिक आरोग्य संघटना आणि अमेरिकेतली राष्ट्रीय हृदय, फुफ्फुस व रक्तसंस्था यांच्या सहकार्याने १९९३ साली स्थापन झालेल्या ‘ग्लोबल इनिशिएटिव्ह फॉर अस्थमा’ या मंचाने, ज्याला आम्ही डॉक्टर ‘जीना’ म्हणतो, अशा पुराव्यांच्या आधारे २०१९ मध्ये भूमिका बदलली. १२ वर्षांवरील कोणत्याही दमेकऱ्याला केवळ जलद आराम देणाऱ्या पंपावर ठेवू नये आणि प्रत्येकाच्या उपचारात श्वासावाटे घ्यायचे स्टेरॉइड या ना त्या स्वरूपात असावे, असे जीना तेव्हापासून सांगत आली आहे. ज्यांचा दमा अधिक त्रासदायक आहे त्यांनी हाच जोड-पंप रोजही घ्यायचा आणि धाप लागली तर जादा म्हणूनही तोच घ्यायचा, अशी पद्धत उपचाराच्या त्यापुढच्या पायऱ्यांवर आहे. एकच पंप, एकच तंत्र. कोणता सकाळचा आणि कोणता अडीनडीचा हा गोंधळ उरत नाही.

यात दोन इशारे दिल्याशिवाय पुढे जाणे योग्य होणार नाही. पहिला असा की, सगळे जोड-पंप असे गरजेनुसार घेता येत नाहीत. साल्मेटेरॉल असलेले पंप सावकाश लागू पडतात, ते झटक्याच्या वेळी वापरायचे नसतात. दुसरा असा की, सहा ते अकरा वर्षांच्या मुलांसाठीच्या पायऱ्या वेगळ्या आहेत आणि त्याहून लहान मुलांसाठी आणखी वेगळ्या. तेव्हा हे पत्र वाचून कोणीही स्वतःचे औषध स्वतः बदलू नये. मात्र आपल्या डॉक्टरांना ‘माझ्या उपचारात सुजेवरचे औषध आहे का?’ हा प्रश्न जरूर विचारावा.

या सगळ्याला अडवून बसलेला एक शब्द म्हणजे ‘स्टेरॉइड’. तो उच्चारला की पालकांचे चेहरे उतरतात. भीती अगदीच निराधार नाही, पण ती चुकीच्या औषधाला चिकटली आहे. एक साधा हिशोब पाहा. दिवसाला २०० मायक्रोग्रॅम बुडेसोनाइड वर्षभर घेतले तर एकूण ७३ मिलिग्रॅम होतात. उलट, एका तीव्र झटक्यासाठी प्रौढ रुग्णाला दिवसाला ४० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन (गोळीतून घ्यायचे स्टेरॉइड) पाच दिवस दिले, तर आठवड्याच्या आत २०० मिलिग्रॅम शरीरात जाते. दोन्ही औषधांची ताकद वजनाप्रमाणे सारखी नसते, हे मी जाणतो. परंतु बुडेसोनाइड थेट नलिकांवर पडते आणि त्यातला जो भाग गिळला जातो, त्यातला सुमारे नव्वद टक्के यकृतातच निष्प्रभ होतो. प्रेडनिसोलोन मात्र रक्तातून हाडांपर्यंत, डोळ्यांपर्यंत आणि साखरेपर्यंत सर्वत्र पोहोचते. आयुष्यात अशा गोळ्यांचे चार-पाच कोर्स झाले तरी हाडे ठिसूळ होणे, मधुमेह, मोतीबिंदू यांचा धोका वाढतो. पंपातले स्टेरॉइड नको म्हणणाऱ्या घरांमध्ये मुलाला वर्षातून तीन-चारदा गोळ्यांचे कोर्स झालेले मी पाहिले आहेत आणि त्याला ‘स्टेरॉइडपासून वाचवले’ असे समाधानाने सांगितले जाताना ऐकलेही आहे.

पंपाचे दुष्परिणाम लपवण्याचेही कारण नाही. आवाज बसतो, तोंडात बुरशी येऊ शकते. पंपानंतर चूळ भरून थुंकल्याने हे बहुतांशी टळते. मुलांच्या उंचीविषयी विचारले जाते, त्याचेही उत्तर उपलब्ध आहे. अमेरिकेत काही वर्षे रोज बुडेसोनाइड घेतलेल्या मुलांची उंची मोठेपणी मोजली गेली, तेव्हा औषध न घेतलेल्यांपेक्षा ती सरासरी १.२ सेंटिमीटरने कमी भरली. हा तोटा खरा आहे आणि पालकांना तो स्पष्टपणे सांगितला पाहिजे. अनियंत्रित दम्यामुळे बुडणारी शाळा, मोडणारी झोप आणि येणारे झटके दुसऱ्या पारड्यात ठेवून त्यांनी निर्णय करावा. पंपाची सवय लागते हा समज मात्र निव्वळ खोटा आहे. रोजचा चष्मा लावणाऱ्याला चष्म्याची सवय लागली असे आपण दुःखाने म्हणत नाही.

पंपापेक्षा गोळी बरी, असे मानणाऱ्यांसाठी आणखी एक आकडा. साल्ब्युटामॉलच्या एका फवाऱ्यात १०० मायक्रोग्रॅम औषध असते आणि एका नेहमीच्या गोळीत ४ मिलिग्रॅम, म्हणजे चाळीसपट. तरीही गोळी उशिरा लागू पडते आणि हातांना कंप व छातीत धडधड जास्त आणते.

आता ज्या विषयावर औषधाइतकाच वेळ द्यायला हवा आणि ज्याला तपासणीच्या खोलीत अर्धे मिनिटही मिळत नाही त्याकडे वळतो. पंप योग्य पद्धतीने न वापरणाऱ्यांचे प्रमाण सत्तर-ऐंशी टक्क्यांपर्यंत असल्याचे पाहण्यांत आढळले आहे, आणि ते न पटणारा डॉक्टर मला भेटलेला नाही. झाकण न काढता पंप दाबणारे, दाबल्यावर तोंडातून पांढरा धूर बाहेर सोडणारे, पंप केव्हाच रिकामा झाला हे न कळलेले आणि कोरड्या पुडीच्या पंपातली कॅप्सूल यंत्रात घालण्याऐवजी पाण्याबरोबर गिळणारे, असे सगळे मी पाहिले आहेत. शेवटच्या प्रकारातल्या एका आजोबांना मी दोन वर्षे औषध वाढवत नेले होते. चूक त्यांची नव्हती, ‘मला करून दाखवा’ असे दोन वर्षांत एकदाही न म्हणणाऱ्या माझी होती.

फवाऱ्याचा पंप आणि पुडीचा पंप यांची तंत्रे एकमेकांच्या उलट आहेत, हे ठाऊक नसल्याने निम्मा घोटाळा होतो. फवाऱ्याच्या पंपात आधी हलवून, श्वास पूर्ण सोडून, मग हळू आणि खोल श्वास घेता घेता दाबायचे आणि दहा सेकंद श्वास रोखून धरायचा. पुडीच्या पंपात औषध आत ओढण्याचे काम आपल्याच श्वासाला करावे लागते, म्हणून श्वास जोरात आणि खोल घ्यायचा. आणि यंत्रात उच्छ्वास कधीही सोडायचा नाही, कारण बाष्पाने पूड चिकटते. फवाऱ्याच्या पंपाला स्पेसर, म्हणजे प्लास्टिकची पोकळ नळी, जोडली की हात आणि श्वास यांचा मेळ साधण्याची कसरत उरत नाही, घशात चिकटणारे औषध कमी होते आणि फुफ्फुसात जाणारे वाढते. लहान मुलांना मास्क लावलेल्या स्पेसरमधून औषध देता येते. सौम्य आणि मध्यम झटक्यांत स्पेसर नेब्युलायझरच्या तोडीचे काम करतो, हेही अनेकांना माहीत नसते. यंत्र गुरगुरते आणि वाफ दिसते म्हणून ते अधिक जोरकस औषध वाटते, इतकेच.

रोगनिदानाबद्दल थोडक्यात. दम लागणारा प्रत्येक जण दमेकरी नसतो. कॅनडात डॉक्टरांनी दम्याचे निदान केलेल्या ६१३ प्रौढांची नीट फेरतपासणी केली गेली, तेव्हा २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सुमारे एक तृतीयांश लोकांमध्ये दमा सध्या असल्याचे सिद्ध करता आले नाही. हृदयविकार, धूम्रपानातून येणारा फुफ्फुसविकार, स्वरयंत्राचे आवळणे अशी अनेक कारणे दम्याचे सोंग घेतात. स्पायरोमेट्री या तपासणीत जोराने फुंकलेल्या पहिल्या सेकंदातली हवा मोजतात. पंप दिल्यावर ती किमान १२ टक्क्यांनी आणि २०० मिलिलिटरने वाढली, तर दम्याच्या निदानाला बळकटी येते. बरे वाटत असताना ही तपासणी सामान्य येऊ शकते, म्हणून एका तपासणीवर निकाल न लावता ती पुन्हा करावी किंवा फुंकण्याचा वेग मोजणाऱ्या पीक फ्लो मीटरवर दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ नोंदी ठेवाव्यात.

थोड्या रुग्णांचा दमा मात्र खरोखरच तीव्र असतो. तंत्र बरोबर, औषध नियमित, मात्रा भरपूर, आणि तरीही झटके येतच राहतात. यांचे प्रमाण शंभरात चार ते दहाच्या आसपास असेल, पण त्यांचे हाल मोठे असतात आणि पूर्वी त्यांना वर्षानुवर्षे स्टेरॉइडच्या गोळ्यांवर ठेवण्यावाचून आमच्यापाशी काही नव्हते. माझ्या कारकिर्दीत खऱ्या अर्थाने नवे काय आले असे कोणी विचारले, तर मी जैविक औषधांचे नाव घेईन. २००३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले ओमालिझुमॅब हे ॲलर्जीशी संबंधित आयजीई प्रतिपिंडाला बांधून ठेवते. २०१५ मधले मेपोलिझुमॅब आणि त्यानंतरचे बेनरालिझुमॅब इओसिनोफिलांवर चालतात, २०१८ पासून दम्यासाठी वापरले जाणारे डुपिलुमॅब सुजेचे दोन संदेश एकदम अडवते, आणि २०२१ मधले टेझेपेलुमॅब त्या साखळीच्या अगदी उगमापाशी, नलिकेच्या अस्तरातून निघणाऱ्या धोक्याच्या इशाऱ्यालाच, थांबवते. दोन ते आठ आठवड्यांतून एकदा त्वचेखाली इंजेक्शन, एवढाच तो उपचार. कोणाला कोणते लागू पडेल हे रक्तातले इओसिनोफिल, आयजीई आणि उच्छ्वासातला नायट्रिक ऑक्साइड मोजून ठरवतात. मॉरो ब्राउन यांचा सूक्ष्मदर्शक अखेर पुन्हा टेबलावर आला म्हणायचा. ही औषधे महाग आहेत आणि ती दमा मुळापासून उपटत नाहीत. पंपाचे तंत्र तपासल्याशिवाय त्यांच्याकडे धावणे हा पैशाचा अपव्यय आहे.

माँटेल्युकास्टच्या गोळीविषयी एक वाक्य लिहितो, कारण ती ‘स्टेरॉइड नाही’ एवढ्याच गुणावर मोठ्या प्रमाणात दिली जाते. ती पंपातल्या स्टेरॉइडपेक्षा कमी गुणकारी आहे, आणि झोप, मनःस्थिती व वर्तनावर होऊ शकणाऱ्या गंभीर परिणामांमुळे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मार्च २०२० मध्ये तिच्यावर सर्वांत ठळक स्वरूपाचा इशारा छापणे बंधनकारक केले आहे. आणि ज्या पुडीवर नाव, घटक, मात्रा यांपैकी काहीही लिहिलेले नसते, तिने चमत्कारासारखा आराम पडला तर तिच्यात स्टेरॉइड असण्याची शंका जरूर घ्यावी.

शेवटी लेखी योजनेबद्दल. प्रत्येक दमेकऱ्याकडे एका कागदावर तीन परिस्थिती लिहिलेल्या असाव्यात: बरे असताना काय घ्यायचे, त्रास वाढू लागल्यावर काय वाढवायचे, आणि कोणत्या खुणा दिसल्या की घरी न थांबता रुग्णालयात जायचे. एका दमात वाक्य पूर्ण न होणे, पंप घेऊनही आराम न पडणे किंवा तो अल्पकाळच टिकणे, मानेचे व बरगड्यांमधले स्नायू आत ओढले जाणे, ओठ निळसर पडणे, लहान मुलाला दूध पिता न येणे या त्या खुणा. छातीतली घरघर अचानक थांबली आणि रुग्ण थकून शांत झाला, तर घरच्यांना तो सुधारल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात आवाज होण्याइतकीही हवा आत जात नसते. वर सांगितलेल्या ब्रिटिश अहवालातले सुमारे ४५ टक्के रुग्ण वैद्यकीय मदत मागण्याआधी किंवा ती मिळण्याआधीच गेले होते.

म्हणून आपणांस विनंती अशी की, त्या चौकटीतल्या वाक्याची दुरुस्ती त्याच पुरवणीत आणि तितक्याच ठळकपणे छापावी. दुरुस्तीचा मजकूर असा असू शकेल: ‘दमा सौम्य असला तरी प्रत्येक रुग्णाच्या उपचारात सूज उतरवणारे औषध असायला हवे. जलद आराम देणारा पंप वर्षात तीन किंवा त्याहून अधिक लागत असेल, तर दमा आटोक्यात नाही असे समजून डॉक्टरांना भेटावे, आणि भेटीला जाताना आपला पंप सोबत नेऊन तो त्यांच्यासमोर घेऊन दाखवावा.’ जागा अपुरी असल्यास माझे पत्र गाळून एवढीच दुरुस्ती छापली तरी चालेल.

आपला विश्वासू,
एक निवृत्त छातीविकारतज्ज्ञ